कौल : जमिनीचा, देवाचा आणि छपराचा

दोन वर्षांमागे आमच्या शाळेतील नववीच्या मुलांना मे महिन्याच्या सुटीसाठी मी एक काम नेमून दिले होते. प्रत्येकाने घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत : आपण या गावात कुठून आलो? आपल्याला इथे कुणी आणले? आणि ज्या जागेवर आपले घर उभे आहे ती जागा कुणाची? शाळा उघडल्यावर वह्या जमा झाल्या. पहिल्या प्रश्नाची उत्तरे भरघोस होती. कुणी बांद्याकडून आलेले, कुणी घाटावरून, कुणाचे पूर्वज बारदेशातून देव डोक्यावर घेऊन नदी उतरलेले. दुसऱ्या प्रश्नालाही उत्तरे होती : गावकऱ्यांनी आणले, देसायांनी आणले, भाटकाराने आणले, देवळाने आणले. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र निम्म्याहून अधिक वह्या कोऱ्या होत्या. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिले होते, "आजी म्हणाली, असले प्रश्न विचारू नयेत."

हा लेख त्या कोऱ्या राहिलेल्या जागेविषयी आहे.

आपल्या पेडणे-डिचोलीकडे 'कौल' या एका शब्दाचे तीन अर्थ चालतात. देवळात देवापुढे लावतात तो कौल. घरावर चढवतात ते कौल. आणि जुन्या दफ्तरांत सापडतो तो तिसरा : नवी जमीन लावायला येणाऱ्या माणसाला सरकारने किंवा जमीनमालकाने दिलेला अभयाचा शब्द. आजची मुले पहिले दोन अर्थ जाणतात. तिसरा विसरला गेला आहे, आणि आपल्या गावांचा इतिहास नेमका त्या तिसऱ्यातच दडलेला आहे. ओसाड जमिनीवर माणूस आपणहून येत नाही. त्याला बोलवावे लागते, आणि बोलवायचे तर काही तरी देऊ करावे लागते. काय देऊ केले, किती पाळले आणि लिहून दिले की नुसतेच तोंडी सांगितले, या तीन गोष्टींवर पुढच्या सात पिढ्यांचे नशीब ठरते.

१

आरंभ गावकरीपासून करू. १५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावांच्या चालीरीतींची सनद लिहून काढली. 'फोराल' या नावाने ती अभ्यासकांना परिचित आहे. तिच्या आरंभीच एक मूळकथा नोंदली आहे. फार पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी ते लागवडीखाली आणले, तिथे वस्ती वाढवली, आणि त्यांच्या चांगल्या कारभारामुळे त्यांना गावकर म्हणू लागले. कथा खरी की कल्पित हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्यातला कायदा महत्त्वाचा आहे : ज्याने पहिल्यांदा जमीन फोडली, त्याचा गाव.

पण चार घरांनी गाव होत नाही. खाजन जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. खाडीचे खारे पाणी अडवायला बांध घालायचा, त्याला मानस बसवायची, भरती-ओहोटीवर नजर ठेवायची आणि बांध फुटला की रात्रीबेरात्री धावायचे. हे काम हातांचे आहे, आणि हात पुरेसे नव्हते. सुतार हवा, लोहार हवा, न्हावी हवा, परीट हवा, देवळात पूजा करणारा भट आणि वाजंत्री वाजवणारा हवा. या सगळ्यांना गावकऱ्यांनी बोलावले आणि 'नमस' जमिनी तोडून दिल्या. चाकरी करावी आणि त्या जमिनीचे उत्पन्न खावे, असा तो करार. घाटावरच्या बलुत्यात धान्याचा वाटा मिळे. इकडे जमिनीचा तुकडाच मिळाला. मागाहून आलेले हे लोक गावचे झाले खरे, पण गावकर झाले नाहीत. गावकरीच्या नफ्याच्या वाटणीत, म्हणजे जोणात, मान मूळ घराण्यांचा. आधी आलेला आणि मागून आलेला हा भेद आपल्या गावच्या पायातच घातला गेला. आजही जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा यावरून जे तंटे होतात, त्यांचे मूळ इथे आहे.

२

सह्याद्रीच्या या बाजूला सगळीकडेच एके काळी जमीन उदंड आणि माणसे थोडी होती. लढाया, दुष्काळ, रोगराई यांनी गावे उठत. गाव उठले की वसूल बुडाला. म्हणून शहाणा राज्यकर्ता तलवारीइतकेच लक्ष कौलाकडे देई. कौल म्हणजे लेखी शब्द : अमुक जमीन लाव, पहिल्या वर्षी नाममात्र धारा दे, पुढे दरसाल थोडा थोडा वाढवू आणि ठरलेली वर्षे संपल्यावर पुरता धारा घेऊ. या चढत्या धाऱ्याला 'इस्तावा' म्हणत. जंगल तोडून, बांध घालून जमीन पिकावी लागते आणि त्याला काही वर्षे जातात, हे ओळखून केलेली ही व्यवस्था होती.

यातले सर्वांत स्पष्ट पत्र आपल्या कोकणातलेच आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला ते लिहिले. प्रभावळी म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातला मुलूख. पत्राचा आशय असा : गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, कुणाकडे किती माणूसबळ आहे ते पाहा. ज्याला बैल नाहीत, बियाणे नाही, खायला दाणा नाही, त्याला ते दे. दिलेली रक्कम वाढीदिढीने वसूल करू नकोस. मुद्दल तेवढे, तेही त्याला शक्ती येईल तसे हळूहळू घे. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल. लारी म्हणजे दुमडलेल्या चांदीच्या तारेचे नाणे; आपल्या किनाऱ्यावर ते चालत असे. पडीक जमीन लागली आणि रयत टिकली तर तो खर्च वसुलातून भरून येतो, हा त्यामागचा हिशेब. दया आणि व्यवहार यांची इतकी चांगली सांगड मी अन्यत्र फारशी पाहिली नाही.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हाच विचार सावकार आणि व्यापारी यांच्याबाबत येतो. त्यांना दूरदेशांतून आणावे, पेठा वसवाव्यात, त्यांचा मान राखावा. शेतकरी असो की सावकार, माणूस वसवायचा तर त्याला भांडवल, सवलत आणि सुरक्षितता ही तीन आश्वासने द्यावी लागतात, हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते.

३

त्याच शतकात सातासमुद्रांपलीकडे हेच चालले होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रज वसाहती उभ्या राहत होत्या आणि तिथल्या जमीनमालकांनाही माणसे हवी होती. व्हर्जिनियात १६१८ पासून नियम आला : जो स्वतःच्या खर्चाने येईल त्याला पन्नास एकर, आणि तो आणखी जितकी माणसे आणील त्या प्रत्येकामागे आणखी पन्नास. मेरीलँडची सनद १६३२ मध्ये लॉर्ड बाल्टिमोरच्या घराण्याला मिळाली. १६३४ मध्ये पहिली गलबते तिथे लागली. पाच माणसे घेऊन येणाऱ्या पहिल्या वसाहतवाल्यांना तिथे दोन हजार एकर देऊ केले होते. बाल्टिमोर कॅथलिक, बहुतेक वसाहतवाले प्रॉटेस्टंट. म्हणून १६४९ मध्ये तिथल्या सभेने ख्रिस्ती पंथीयांपुरता का होईना, धर्मसहिष्णुतेचा कायदा केला. धर्माचे अभय हे माणूस बोलावण्याचे साधन असते, हे त्यांनाही उमगले होते.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याच्याकडे जहाजाचे भाडे नव्हते तो चार ते सात वर्षांच्या बांधील चाकरीवर जाई, आणि त्याच्या डोक्यामागची पन्नास एकर त्याच्या धन्याला मिळत. जमीन मोकळी आहे असे म्हणत दिली, पण ती मोकळी नव्हती. तिथले मूळ रहिवासी होते आणि त्यांना हाकलले गेले. पुढे चाकर कमी पडू लागले तेव्हा आफ्रिकेतून गुलाम आणले. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जे वसले आणि टिकले, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हातात शेवटी एक कागद आला. आमच्या इकडे काय झाले ते आता पाहू.

४

पेडणे महाल तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये वसला आहे. डिचोलीच्या दक्षिणेला मांडवीचे पाणी आणि पलीकडे दिवाडी बेट. नद्या या मुलखाच्या सीमा होत्या आणि त्याच त्याच्या वाटाही होत्या. तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेश-साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. सोळाव्या शतकात तिथली देवळे पाडली गेली आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. तेव्हा माणसे रातोरात होड्यांत बसली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर, म्हणजे कदंबांचे कुलदैवत, पाणी ओलांडून डिचोलीतील नार्व्याला आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आपण त्याकडे धर्मकार्य म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण शेतीच्या नजरेने पाहिले तर आणखी एक अर्थ दिसतो. देव जिथे सुखरूप, तिथे त्याचे भक्त येतात. भक्तांबरोबर त्यांचे हात येतात आणि त्या हातांनी जमीन पिकते. अलीकडच्या राज्यकर्त्याचे नुकसान तो पलीकडच्याचा नफा. दक्षिणेला कानडा मुलखात इक्केरीच्या नायकांनी गोव्याहून गेलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांना असाच आश्रय दिला, कारण ते चांगले शेतकरी होते. धर्म वेगळा, हिशेब तोच.

मग काळ फिरला. १७८१ मध्ये डिचोली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली, त्यापाठोपाठ सत्तरी, आणि १७८८ मध्ये कोल्हापूरकरांविरुद्धच्या मदतीच्या बदल्यात खेम सावंतांनी पेडणे दिले. या मुलखाला 'नव्या काबिजादी' म्हणतात. ज्या सत्तेने दोनशे वर्षांपूर्वी जुन्या काबिजादीत देवळे पाडली होती, तिनेच इथे देवळे, चालीरीती आणि जातपंचायती यांना हात लावणार नाही असे अभय दिले. नव्या काबिजादींतील हिंदूंच्या रूढींना पुढे कायद्याचेच रूप दिले गेले आणि १८८० मध्ये त्यासाठी खास फर्मान निघाले.

हे हृदयपरिवर्तन नव्हते. काळ बदलला होता, पोर्तुगालमधले राज्यकर्ते बदलले होते, हे खरेच. पण आणखी एक साधे कारण होते. तेरेखोलच्या पलीकडे सावंतांचा मुलूख होता. इथला कुळवाडी नाराज झाला तर एका रात्रीत बैल पाण्यात घालून पलीकडे जाऊ शकत होता. पलीकडचा देसाई त्याची वाटच पाहत असे. तिकडचा नाराज झाला तर तो इकडे येई. सीमेवरच्या माणसाला आपण नेहमी बिचारा समजतो. पण जोवर जमीन उदंड आणि हात थोडे होते, तोवर सीमा हीच त्याची ताकद होती. दोन मालकांच्या मध्ये उभ्या असलेल्या चाकराला दोघेही गोड बोलतात.

५

हा गोडवा टिकला नाही. का टिकला नाही, हे कळले की आपला सगळा इतिहास कळतो.

जुन्या राजवटींत गावचा वसूल खाण्याचा हक्क चाकरीच्या मोबदल्यात दिला जाई; तो मोकासा. मोकासदाराला मिळे तो वसुलाचा हक्क, जमिनीची मालकी नव्हे. पण हक्क पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिला आणि राजवट बदलली, की वसूल खाणारा आणि मालक यांतली रेघ पुसत जाते. पेडण्यात देशप्रभू, सत्तरीत राणे ही घराणी अशाच हक्कांच्या बळावर मोठी झाली. आपले हक्क आणि माफ्या सांभाळण्यासाठी राण्यांनी पुन्हा पुन्हा बंडे केली. दीपाजी राण्यांचे १८५२ चे आणि दादा राण्यांचे १८९५ चे बंड सर्वांना ठाऊक आहे. त्या बंडांतला पराक्रम आपण मुलांना शिकवतो आणि शिकवावाच. मात्र ज्या जमिनींच्या हक्कांसाठी ती लढाई झाली, त्या जमिनी प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव त्या कागदांत कुठेच नव्हते, हेही शिकवायला हवे.

दुसरीकडे सरकार पडीक जमीन लागवडीसाठी देत होते. तिच्या परवान्याला 'आल्वारा' म्हणत. ज्याला पोर्तुगीज येई, ज्याची कचेरीत ओळख होती, त्याला कागद मिळणे सोपे. डोंगरावर कुमेरी करून नाचणी पिकवणाऱ्याला तो कागद म्हणजे काय हेच माहीत नव्हते. अशा रीतीने एकाच्या हातात कागद आणि दुसऱ्याच्या हातात कुदळ अशी वाटणी झाली.

कागदवाल्याला आता माणसे हवी होती. माडांची बाग, म्हणजे भाट, लावायची तर रोपांना पाणी घालायला, गुरे हाकायला, पडलेला नारळ वेचायला आणि रात्रीची राखण करायला कुणी तरी तिथेच राहायला हवे. म्हणून भाटकाराने माणूस बोलावला आणि भाटात घर बांधायची मुभा दिली. हा मुंडकार. त्याला मिळाले ते असे : घरापुरती जागा, छपराला चुडते, जळणाला पातेरी, परसात चार मिरच्या लावायची सूट. त्याने द्यायचे ते असे : भाटाची राखण, बोलावणे येताच कामाला हजर होणे, तेही बाजारापेक्षा कमी मजुरीवर, आणि भाटकाराच्या घरच्या लग्नकार्यात राबणे.

मूळ कौलाशी हे ताडून पाहा. सवलत दोन्हीकडे आहे, बोलावणेही दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की कौल लेखी होता आणि मुंडकारी तोंडी होती. कौलाला मुदत होती. ती संपली की रयत पुरता धारा देऊन ताठ मानेने राही. मुंडकारीला मुदत नव्हती. ती बापाकडून मुलाकडे जाई. एकोणिसाव्या शतकापर्यंत माणसे वाढली होती, लावण्याजोगी मोकळी जमीन सरत आली होती. पूर्वी मालक माणूस शोधत फिरे, आता माणूस जागा शोधत फिरू लागला. नदी ओलांडली तरी पलीकडे दुसरा भाटकारच भेटे. अशा वेळी कोण कशाला लिहून देईल?

६

माझ्या घराचीच गोष्ट सांगतो. ती माझ्या एकट्याची नाही म्हणूनच सांगतो. माझे पणजोबा बांद्याच्या बाजूचे. भावाशी वाटणीवरून बिनसले आणि ते तेरेखोल उतरून पेडण्यात आले. एका भाटकाराने त्यांना माडांच्या राखणीला ठेवले. त्या भाटकारांविषयी आमच्या घरात कधी वाईट शब्द निघाला नाही. पणजी आजारी पडली तेव्हा वैद्य त्यांनी पाठवला. आत्याच्या लग्नात तांदूळ त्यांनी दिला. माणसे भली होती. पण आजोबांनी जेव्हा गवत-चुडत्यांचे छप्पर काढून मंगळुरी कौले चढवायचे मनात आणले, तेव्हा त्याच भल्या घरातून नकार आला. कारण कुणी सांगितले नाही, पण आजोबांना ते कळत होते. चुडत्यांचे छप्पर दरवर्षी बदलावे लागते. ते घर आज आहे, उद्या नाही. कौलारू घर म्हणजे कायमचे घर. कौल चढले की माणूस हलत नाही.

तीन पावसाळे गेले. मुक्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, १९६२ मध्ये, आजोबांनी कुणालाही न विचारता कौले आणली. वडील तेव्हा शाळकरी वयाचे होते, ते सांगत, पहिले कौल शिडीवरून वर जात असताना आजी खालून घाबरून म्हणाली, "भाटकाराक इचारलंस रे?" आजोबांनी उत्तर दिले नाही. वरची कौले नीट बसवत राहिले. भाटकाराकडून कुणीही आले नाही. बहुधा वारा बदलला आहे हे त्यांनाही समजले असावे.

वारा का बदलला होता? एक तर मुंबई. पेडणे-डिचोलीतले कितीतरी तरुण मुंबईला गेले होते आणि तिथून मनिऑर्डरी येत होत्या. पूर्वी जे काम तेरेखोल नदीने केले, ते आता मुंबईच्या वाटेने केले : कुळाला दुसरा पर्याय मिळवून दिला. दुसरे म्हणजे मतदान. डिसेंबर १९६३ च्या पहिल्याच निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला सत्ता मिळाली आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते स्वतः खाणमालक होते, पण त्यांच्यामागे उभा राहिला तो कुळ, मुंडकार आणि बहुजन समाज. महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावर घराघरांत मतभेद होते, आणि १९६७ च्या जनमत कौलाने तो प्रश्न निकालात काढला. पाहा, तिथेही शब्द 'कौल'च आला. मात्र जमीन कसणाऱ्याला मिळावी, याविषयी आमच्या वाड्यावर दोन मते नव्हती.

७

मग कायदे आले. पोर्तुगीज काळात १९०१ मध्ये आणि १९५९ मध्ये मुंडकारांसंबंधी कायदे झाले होते, पण मुंडकाराला जागेचे मालक होण्याची वाट त्यांनी मोकळी करून दिली नव्हती. १९६४ मध्ये कूळ कायदा झाला. १९७५ मध्ये मुंडकारांना बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. घर आणि त्याभोवतीची मर्यादित जागा, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क त्याने दिला. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीचे मालक मानले गेले. कुळाचा हक्क शेताचा आणि मुंडकाराचा हक्क घराचा, हा फरक आजही अनेकांना माहीत नसतो. एकच माणूस दोन्ही असू शकतो आणि त्याला दोन वेगळे अर्ज करावे लागतात.

कायदा झाला म्हणजे कागद झाला असे नव्हे. मामलेदाराकडे अर्ज करायचा, पुरावे द्यायचे, मालकाचे वारस शोधायचे. ते कधी मुंबईत, कधी लिस्बनला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या संबंधात काही लिहिलेच गेले नाही, तो संबंध आता लिहून सिद्ध करायचा. आमच्या घराचा खरेदीचा दाखला मी महाविद्यालयात असताना वडिलांच्या हाती आला. पुष्कळांचा आजही आलेला नाही. कुणी भाटकाराच्या भिडेने अर्जच केला नाही. 'इतकी वर्षे त्यांचे मीठ खाल्ले, आता त्यांच्यावर दावा कसा लावायचा?' ही भीड मी कितीदा तरी ऐकली आहे. तिला हसू नये. पण तिची किंमत नातवंडे मोजतात, हे सांगावे.

डिचोली तालुक्यातल्या मये गावाची कथा तर याहून मोठी. अख्ख्या गावाची जमीन एका पोर्तुगीज पदवीधारी घराण्याच्या मालकीची. मुक्तीनंतर मालक गोवा सोडून गेला आणि १९६४ च्या कायद्यान्वये ती निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेली. शेजारच्या गावांतला कूळ मालक होत असताना मयेकर आपल्याच घरात पाहुणा राहिला, कारण समोर मालकच नव्हता. अनेक वर्षांच्या आंदोलनांनंतर २०१४ मध्ये अशा जुन्या मालकी हक्कांचे, पदव्यांचे आणि दानपत्रांचे उच्चाटन करणारा कायदा झाला आणि मयेकरांना सनदा मिळण्याची वाट उघडली. मुक्तीपासून मोजले तर त्रेपन्न वर्षे. कौलाची मुदत इतकी लांबलेली मी दुसरी पाहिली नाही.

८

आज आमच्या पेडण्यात पुन्हा बोलावणी चालू आहेत. मोपाच्या पठारावरचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. ज्या कातळावर पावसाळ्यात गुरे चरत आणि काजूच्या दिवसांत फेणीचा वास दरवळे, तिथे आता मोठा रस्ता आहे. दूरदूरच्या शहरांतून माणसे जागा विचारत येतात. त्यांना बोलावणारी जाहिरात चकचकीत छापलेली असते, आणि तिच्यात मुख्य आश्वासन एकच असते : जमिनीचे कागद साफ आहेत. म्हणजे नवा वसणारा पहिल्या दिवशी जे मागतो, ते आपल्या लोकांनी चार पिढ्या मागितले नाही.

नव्या माणसांविषयी माझी तक्रार नाही. आपण सगळेच कधी ना कधी नदी उतरून आलो आहोत, हे मुलांच्या वह्यांतूनच सिद्ध झाले आहे. पण जागेला भाव आला की जुनी तोंडी बोलणी पहिल्यांदा विसरली जातात. भला भाटकार गेला, त्याचा भला मुलगा गेला, नातवाने जागा विकली आणि घेणाऱ्याला तुमच्या पणजोबांनी राखलेले माड ठाऊक नाहीत; त्याला फक्त उतारा ठाऊक आहे.

म्हणून यंदा सुटीआधी मी मुलांना तेच काम पुन्हा दिले, फक्त तिसरा प्रश्न बदलला. आता विचारायचे होते : आपल्या घराच्या जागेचा एक-चौदाचा उतारा घरात आहे का? असल्यास त्यावर कुणाचे नाव आहे, आणि मुंडकाराची नोंद आहे की नाही? नदीपलीकडून, सिंधुदुर्गातून येणाऱ्या मुलांनी सातबारा पाहावा. या वेळी कोऱ्या वह्या कमी आल्या. मागच्या खेपेचा तो मुलगा आता अकरावीला आहे. तो मुद्दाम मला भेटायला शाळेत आला. आजीने अखेर ट्रंक उघडली होती. तळाशी त्याच्या आजोबांनी मामलेदाराकडे केलेल्या अर्जाची पोच होती, पिवळी पडलेली. पुढे कुणी पाठपुरावाच केला नव्हता. "सर, हे अजून चालेल का?" त्याने विचारले. मी त्याला सांगितले, वकिलाला दाखव. चालो न चालो, निदान तुझ्या आजोबांनी प्रश्न विचारला होता हे तर कळले.

वाचकहो, दिवाळीच्या आधी आपण घर झाडतो, माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरवतो, जुनी लुगडी उन्हात घालतो. यंदा त्या लुगड्यांखालचे कागदही एकदा उन्हात घाला. नावे वाचून पाहा. जिथे आपले नाव असायला हवे आणि नाही, तिथे आजीची परवानगी काढून का होईना, विचारा.